रात्रीचे रहिवासी : भाग ६
ढगातला मिशाळ पिंगळा

मागच्या भागात घुबडाच्या कानांची करामत पाहिली. आजचा पक्षी माणसाला आधी जाळ्यात सापडला आणि रानात मोकळा दिसायला त्यानंतर एकतीस वर्षं लागली.

त्याचं घर पेरू देशाच्या उत्तर भागात, अँडीजच्या पूर्व उतारावर आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली दमट हवा हा डोंगर चढताना थंड होते, तिचे ढग होतात आणि ते थेट झाडीत शिरतात. पाऊस नसतानाही रान ठिबकत राहतं. धुक्याचे थेंब शेवाळावर, नेच्यांवर, खोडांना बिलगलेल्या आमरींवर जमतात आणि हळूहळू मुळांपर्यंत पोचतात. हे मेघवन. डोंगराला कमरपट्टा बांधावा तसा त्याचा अरुंद पट्टा असतो.

सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या या पट्ट्यात १९७६ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या पथकाने पक्ष्यांसाठी बारीक जाळी लावली होती. त्यात एक इवलंसं घुबड अडकलं. लांबी जेमतेम १३-१४ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीएवढी. वजन ५० ग्रॅमच्या आसपास. डोळे नारिंगी, पाय पिसांविना उघडे, आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर झेपावलेली लांब, तंतूंसारखी पिसं. याच त्याच्या मिशा! पक्षितज्ज्ञ जॉन ओनील आणि गॅरी ग्रेव्हज यांनी १९७७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. घुबडांच्या ज्ञात प्रजातींपैकी कोणत्याच प्रजातीत तो बसेना, म्हणून त्याच्यासाठी नवी प्रजाती मांडली : झेनोग्लॉक्स, ग्रीक भाषेत ‘विलक्षण घुबड’. स्थानिक स्पॅनिशमध्ये तो ‘लेचुसिता बिगोतोना’, म्हणजे मिशाळ पिंगळाच.

पुढे तो जाळ्यात सापडत राहिला, पण मोकळा दिसेना. अखेर २००७ साली आब्रा पात्रिसिया खिंडीतल्या खासगी राखीव रानात अभ्यासकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं, त्याचा आवाजही ध्वनिमुद्रित केला. एकोआन ही पेरूतली संस्था हे रान जपते. पिवळ्या शेपटीचं दुर्मीळ लोकरी माकडही याच परिसरात राहतं.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटते ती ही राखलेली जमीन. आजूबाजूला शेतीसाठी आणि गुरांच्या कुरणांसाठी झाडं पडत आली आहेत. हवा तापली की ढगही अधिक उंचावर तयार होतात. त्यांच्यामागे रान वर सरकेल, पिंगळाही सरकेल. पण डोंगराला माथा असतो, त्यापुढे जायला जागा नाही. एकतीस वर्षं मोकळा कोणाच्या नजरेस न पडता हा जीव टिकला, तो झाडं उभी होती म्हणून.

आपल्याकडेही अशीच एक भेट घडली आहे. १८८४ नंतर हरवलेला रानपिंगळा १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. सातपुड्यातल्या सागवानी रानाने त्याला ११३ वर्षं कसं सांभाळलं, ते पुढच्या भागात.