बरणीतलं रान

साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला जायचं, तर वाटेत मेढ्यात चहाला थांबायचं, ही आमची जुनी सवय. गेल्या खेपेला चहाच्या टपरीवर एक परीक्षा चालली होती. एका प्रवाशाने पेलाभर पाणी मागवलं, नुकत्याच घेतलेल्या मधाचा थेंब त्यात सोडला. थेंब न विरघळता सरळ तळाशी गेला. "अस्सल आहे!" त्याने निकाल देऊन टाकला. बाकावर बसलेले एक वयस्कर मधपाळ गालात हसले. म्हणाले, "काकवीचा थेंब सोडून बघा की. त्यो बी असाच बुडाला जातोय."

त्या एका वाक्याने पेल्याची परीक्षा निकालात निघाली. दाट आणि जड पाक पाण्यात बुडणारच, मग तो माशीने केलेला असो नाहीतर कढईने. कागदावर थेंब टाकणं, वात पेटवून बघणं या परीक्षाही त्याच जातीच्या. त्या फार तर दाटपणा आणि पाण्याचा अंश सांगतील, मध कुठून आला ते नाही. मग मध ओळखायचा कसा? याचं उत्तर शोधायला गेलो आणि मेढ्याच्या शिवारातच येऊन पोचलो.

आधी माशीचं काम बघू. फुलातला मकरंद म्हणजे पातळ गोड पाणी. माशी तो पोटातल्या मधपिशवीत भरून आणते आणि पोळ्यातल्या दुसऱ्या माशीच्या तोंडात देते. तोंडातून तोंडात जाताना त्यात माश्यांची विकरं मिसळतात आणि साध्या साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग रात्रंदिवस पंखांचा वारा घालून पाणी उडवायचं. पाणी साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं की कोठीवर मेणाचं झाकण बसतं. इतक्या कमी पाण्यात जंतूंचा निभाव लागत नाही, म्हणून मध टिकतो. पण झाकण बसायच्या आधीच घाईने काढलेला कच्चा मध आंबतो, फसफसतो. जावळीच्या डोंगरातला ओळखीचा मध म्हणजे पेटीतल्या सातेरी माशीचा. ही माशी अंधाऱ्या ढोलीत राहणारी, म्हणून पेटीत रमते. कड्यावर उघडं पोळं लटकवणारी आग्या मात्र पेटीत कधीच नांदली नाही.

आता खरी गंमत. हवेतल्या कार्बनच्या शंभर अणूंपैकी एखादा अणू इतरांपेक्षा किंचित जड असतो. जांभूळ, हिरडा, गेळा ही झाडं हवेतला कार्बन घेताना या जड अणूला बऱ्यापैकी टाळतात. ऊस तितका चोखंदळ नाही. त्याची कार्बन पकडायची रीतच वेगळी, त्यामुळे जड अणू त्याच्यात जास्त जातात. मका, ज्वारी, बाजरी आणि आपली नाचणी ही सगळी उसाच्याच पंगतीतली. म्हणजे कृष्णाकाठच्या उसापासून झालेली साखर आणि मेढ्यावरच्या रानातला मकरंद जिभेला दोन्ही गोडच लागले, तरी दोघांच्या कार्बनवर आपापल्या कुळाचा शिक्का असतो. तो उकळून जात नाही आणि गाळूनही जात नाही. १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांनी हा शिक्का वाचून मधातली उसाची आणि मक्याची साखर पकडायला सुरुवात केली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातला लाडू खाली ठेवून डब्यातल्या साखरेकडे टक लावून बघत बसलो होतो.

भेसळ करणारेही काही कमी नाहीत. त्यांनी तांदळाकडे मोर्चा वळवला. भात कार्बन घेतो तो जांभळासारखाच, त्यामुळे तांदळापासून केलेला पाक या चाचणीतून बिनबोभाट सुटतो. मेढ्याच्या आसपास पावसाळ्यात हे प्रकरण डोळ्यांनी बघता येतं. खाली खाचरात भात, वर उतारावर नाचणी. बांध एकाच शेतकऱ्याचा, पण कार्बनच्या हिशेबात दोन वेगळी कुळं. २०२० साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने बाजारातल्या तेरा ब्रँडचे मध तपासले. त्यांतले दहा चुंबकीय अनुनादाच्या चाचणीत नापास झाले, जरी साध्या चाचण्या बहुतेकांनी सहज पार केल्या होत्या. अशा पाकापुढे आपला पाण्याचा पेला काय टिकणार?

मग गिऱ्हाइकाने करायचं काय? प्रयोगशाळा काही पिशवीत घालून फिरता येत नाही. मी त्या मधपाळांना हेच विचारलं. ते म्हणाले, "फूल इचारा. आन् महिना इचारा."

किती साधं, आणि किती नेमकं! खऱ्या मधाला गाव आणि ऋतू असतो. जांभूळ उन्हाळ्यात फुलतं, त्याचा मध गडद आणि शेवटी जिभेवर किंचित कडसर. हिरड्याचा मध वेगळा, गेळ्याचा वेगळा. आणि कारवी? ती सह्याद्रीच्या उतारांवर वर्षानुवर्षं नुसती पानं मिरवते आणि सात-आठ वर्षांनी एकदाच डोंगरच्या डोंगर जांभळा करून टाकते. त्या साली तिचा मध, नाहीतर थेट पुढच्या फुलोऱ्याला. म्हणून दरवर्षी, बारा महिने ‘कारवीचा मध’ विकणारा भेटला तर दोन प्रश्न जास्त विचारावेत. मधात परागकणही उतरलेले असतात. जांभळाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली छान तिकोनी दिसतो. म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेलं फूल खरं की खोटं, याची साक्ष बरणीतच असते.

शक्य तर मधपाळाकडून घ्या, चाखून घ्या. घाटापलीकडे महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ पासून ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं, तिथे पेट्याही बघायला मिळतात. दरवेळी तोच रंग आणि तीच चव हवी असा हट्ट मात्र सोडा. ती अपेक्षा कारखान्याकडून ठेवायची, रानाकडून नाही.

घरी आणल्यावर तीन गोष्टी सांभाळा. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे आषाढात झाकण सैल राहिलं तर चांगला मधही आंबेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नका. त्यातल्या एका जिवाणूची बीजं तान्ह्या पोटाला झेपत नाहीत, आजी काहीही म्हणो. आणि थंडीत मध साखरला, तळाशी रवाळ झाला, तर ‘साखर घातली होती’ म्हणून विकणाऱ्याला शिव्या घालू नका. ग्लुकोज जास्त असलेला शुद्ध मध थंडीत असाच थिजतो. बरणी गॅसवर चढवू नका. कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि मधूनमधून हलवा. तासाभरात तो पुन्हा धारेला लागेल.