पावसाच्या खोऱ्यातील जुने धुलाई यंत्र

घरातील वॉशिंग मशीन कुरकुरू लागले की ते दुरुस्त करावे की बदलावे, याचा निर्णय सहसा यंत्राच्या वयावरून घेतला जातो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा निकष फार ढोबळ आहे, कारण यंत्र एकदम म्हातारे होत नाही. त्याचा एकेक भाग आपापल्या गतीने झिजतो आणि ती गती पाणी, वीज, हवा व कपड्यांतील मळ यांवर ठरते. टाकवे बुद्रुकपासून वडेश्वर, डाहुली, खांडी, सावळा अशा गावांकडे आत शिरत जाणाऱ्या आंदर मावळात या चारही गोष्टी शहरातल्याहून वेगळ्या आहेत, त्यामुळे शहरातील ग्राहकासाठी लिहिलेला सल्ला येथे तसाच लागू करता येत नाही.

सर्वांत मोठा फरक पावसाचा. शेजारच्या लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त झालेली, म्हणजे आणखी वाफ सामावून घेण्याची तिची क्षमता संपत आलेली असते, म्हणून वळणीवर टाकलेले कपडे दोन-तीन दिवस ओलसर राहतात, त्यांना कुबट वास येतो, आणि शेवटी ते चुलीच्या उबेवर धरावे लागतात. अशा ठिकाणी यंत्राचा खरा उपयोग धुण्यापेक्षा पिळण्यात आहे. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रातील ज्या लहान टबाला घरोघरी ड्रायर म्हणतात, तो वस्तुतः कपडे वाळवीत नाही, तर मिनिटाला सुमारे 1300 फेऱ्या घेत त्यांतील पाणी बाहेर फेकतो. टबाची त्रिज्या 12 सेंटिमीटर धरली तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोनशे पटींहून अधिक जोर येतो, आणि कोणत्याही मनगटाला तो साधणारा नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला विजेचे सुमारे दोन तृतीयांश युनिट लागते, तर पिळण्याची दीडशे-दोनशे वॉटची मोटर पाच मिनिटे चालवायला युनिटचा एक-दीड शतांश भाग पुरतो. म्हणून धुण्याची बाजू बिघडलेली पण ड्रायर शाबूत असलेले यंत्र मावळातील घराच्या दृष्टीने निकामी ठरत नाही, आणि उलट स्थितीत दुरुस्ती पावसाआधीच करून घेणे शहाणपणाचे असते.

हा ड्रायर बंद पडण्याची कारणे मात्र पुष्कळदा अगदी किरकोळ असतात. घरगुती वीज एकफेजी असल्याने मोटरमध्ये तयार होणारे चुंबकीय क्षेत्र नुसते मागेपुढे आंदोलते, फिरत नाही. दुसऱ्या गुंडाळीतील प्रवाह कपॅसिटरच्या साहाय्याने थोडा पुढे सरकवला की दोन्ही क्षेत्रे मिळून फिरते क्षेत्र तयार होते आणि मोटरला आरंभीचा झटका मिळतो. मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात तो हाच डबा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची धारकता उतरली की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि यंत्र संपले असा समज होतो. दुरुस्तीत हा यंत्रातील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. विजेचा दाब कमी असतानाही लक्षणे तशीच दिसतात, कारण अशा मोटरची फिरवण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: दाब 230 वरून 180 व्होल्टवर आला तर ताकद सुमारे 61 टक्केच उरते. लांबच लांब तारांच्या टोकाशी असलेल्या वाडीत संध्याकाळी अडखळणारे यंत्र सकाळी नीट चालत असेल, तर दोष मोटरमध्ये शोधण्याआधी दाब मोजणे योग्य. याच खोऱ्यातील ठोकळवाडी जलाशयाचे पाणी 1922 पासून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील भिवपुरीच्या वीजगृहात वीज निर्माण करीत आले आहे. घरातील सॉकेटपर्यंत ती कोणत्या दाबाने पोहोचते हे मात्र उगमाच्या जवळिकीवर नव्हे, तर तारेची लांबी, तिची जाडी आणि तिच्यावरील भार यांवर ठरते.

दुसरा शत्रू चिखल. भात लावणीच्या दिवसांतील कपड्यांत खाचरांची बारीक माती शिरलेली असते आणि ती पाण्यातून फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलपर्यंत पोहोचते. सील म्हणजे टबातील पाणी खाली उतरू न देणारे कडे. त्याच्या मऊ ओठात मातीचे कण अडकले की दांड्यावर चर पडतात आणि थेंब झिरपू लागतो. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात ड्रायरची मोटर नेमकी टबाच्या खाली असते, त्यामुळे थोडक्या किमतीच्या रबराकडे केलेले दुर्लक्ष गुंडाळी जाळून टाकते आणि मग दुरुस्तीचा खर्च एकदम कितीतरी पटींनी वाढतो. लावणीचे कपडे आधी बादलीत खळबळून घेण्याची घरातील वडीलधाऱ्या बायकांची सवय या दृष्टीने अत्यंत शास्त्रीय आहे, आणि ती टिकायला हवी.

समोरून दार असलेल्या स्वयंचलित यंत्रांची दुखणी निराळी. त्यांचा पोलादी ड्रम मागच्या बाजूने ॲल्युमिनियमच्या तीन हातांच्या आधारावर बसवलेला असतो. दोन भिन्न धातू साबणाच्या पाण्यात एकत्र आले की विद्युतघटासारखी क्रिया घडून त्यांपैकी अधिक क्रियाशील, म्हणजे ॲल्युमिनियम, हळूहळू खाल्ले जाते. हा आधार तुटला, किंवा बेअरिंगमध्ये पाणी शिरून पिळताना मोठी घरघर सुरू झाली, तर ड्रम पूर्ण उतरवावा लागतो, आणि काही नमुन्यांत बाहेरचा टब कायमचा सांधलेला असल्याने तो अख्खाच बदलावा लागतो. येथे नवे यंत्र घेण्याचा विचार रास्त ठरतो. नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळले तर निर्णय अधिक अवघड होतो, कारण कंडेन्सर, पट्टा किंवा ड्रेन पाइप अनेक कंपन्यांच्या यंत्रांना चालून जातो, कार्ड मात्र बहुधा त्या एकाच नमुन्याचे असते आणि नमुना बाजारातून गेला की तेही दुर्मीळ होते. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून धुलाई यंत्रांचे ठरावीक सुटे भाग विक्री थांबल्यानंतरही 10 वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक केले. भारतात डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारचे 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू झाले, पण माहिती मिळणे आणि भाग हाती येणे यांत अजून मोठे अंतर आहे, आणि जवळचा कुशल मेकॅनिक कामशेत, वडगाव किंवा तळेगावहून बोलवावा लागणाऱ्या घरांना ते सर्वाधिक जाचते.

नवे यंत्र वीज वाचवते हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. चोवीस तास चालणाऱ्या फ्रिजच्या बाबतीत तो बराच खरा आहे, धुलाई यंत्राच्या बाबतीत फारसा नाही. साडेतीनशे-चारशे वॉटची धुण्याची मोटर पंधरा मिनिटे चालली तरी सुमारे एक दशांश युनिटच खर्च होते, तेव्हा नव्या मोटरने त्यातून वाचवायचे ते किती? खरा खर्च पाणी तापवण्याचा: 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला सहा दशांश युनिटहून अधिक वीज लागते, म्हणून जुन्या साध्या यंत्राच्या जागी हीटरचे यंत्र आणून रोज गरम पाण्यात कपडे धुतले तर विजेचे बिल उलट वाढेल. समोरून दाराच्या यंत्राची खरी बचत पाण्याची आहे, आणि चैत्र-वैशाखात विहिरी आटणाऱ्या वरच्या वाड्यांसाठी ती लहान नाही. तथापि अशा यंत्राला नळाला पुरेसा दाब लागतो, तो नसेल तर आधी उंचावर टाकी बसवावी लागते.

एका बाबतीत मात्र थांबण्यास वाव नाही. दमट हवेने पत्र्याचा तळ गंजला, तारांचे आवरण तडकले आणि यंत्राला हात लावताच झिणझिण्या येऊ लागल्या, तर ते त्याच क्षणी बंद करून प्लग काढलाच पाहिजे. घरातील अर्थिंग तपासून घ्यावे, कारण मावळातील कातळावर मातीचा थर पातळ असतो आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडला की जमिनीचा विद्युतरोध वाढतो; शिवाय 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्यावा. अर्थिंग ठीक असूनही यंत्राची गळती थांबत नसेल आणि तळाचा पत्रा स्क्रू धरीनासा झाला असेल, तर त्यावर आणखी पैसे घालू नयेत. असे यंत्र ई-कचरा नियमांखाली येते, म्हणून ते अधिकृत संकलकाकडे द्यावे. त्याआधी ड्रायरची चांगली मोटर, टायमर आणि पाइप मेकॅनिककडे ठेवले, तर खोऱ्यातील दुसऱ्या एखाद्या घरातील यंत्र पुढच्या आषाढात त्यावर चालू शकते.