पैसा पोहोचवणाऱ्याचीही जबाबदारी असते

‘एचपीझेड टोकन’ नावाचं एक ॲप होतं. बिटकॉइन काढणाऱ्या मशीनमध्ये पैसे गुंतवा, दुप्पट करून देतो, असं आमिष दाखवलं जायचं. सुरुवातीला थोडे पैसे परत आले, लोकांचा भरवसा बसला. मग वेबसाइटच बंद!

हे पैसे गेले कोणत्या वाटेने? यूपीआय आणि पेमेंट गेटवेच्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ईडीने या प्रकरणात ४६.६७ कोटी रुपये गोठवले. ती खाती पुण्याच्या ईझबझसह रेझरपे, कॅशफ्री आणि पेटीएमकडे होती. म्हणून या कंपन्या दोषी ठरल्या, असं नाही. पण रिझर्व्ह बँकेचा मार्च २०२० चा नियम स्पष्ट होता: व्यापाऱ्याला जोडण्याआधी त्याची पार्श्वभूमी तपासा, ग्राहकांना फसवण्याचा त्याचा इरादा नाही ना, ते बघा.

दुसऱ्याचा पैसा ही अमानत आहे. तो पोहोचवण्याचं कमिशन घेणाऱ्याने घेणारा कोण, हे विचारलंच पाहिजे.

आणि आपणही स्क्रीनवर ओळखीच्या गेटवेचं नाव दिसलं म्हणून स्कीम खरी समजू नये. सोलापुरात कुणी फसलंच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, व्यवहाराचा नंबर जवळ ठेवा. पैसा पुढे सरकण्याआधीच गोठवता येतो.