सर्पाच्या बाजूने पुन्हा वाचताना

लहानपणी जीव लावलेली गोष्ट मोठेपणी पुन्हा वाचावयास घेताना मन थोडे कचरते. तेव्हाची गोडी आज लागली नाही तर? महाभारतातील सर्पसत्राची कथा अशांपैकीच एक. जनमेजयाचा धगधगता यज्ञ, ऋत्विजांचे मंत्र, आणि त्या मंत्रांनी ओढले जाऊन कुंडात कोसळणारे हजारो नाग! त्या वयात हे सारे मोठे रोमहर्षक वाटते. तक्षकाने परीक्षित राजास दंश केला, राजपुत्राने सूड घेतला. हिशेब पुरा झाला.

आता तेच आदिपर्व पुन्हा उघडावे. हिशेब काही जुळत नाही. परीक्षिताने मौनव्रती शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप अडकवला, म्हणून ऋषिपुत्राचा शाप आला. त्याहीमागे गेले, तर परीक्षिताचा आजा अर्जुन श्रीकृष्णासह खांडववन अग्नीच्या स्वाधीन करताना दिसतो. तक्षक तेथेच राहत असे. त्या दिवशी तो कुरुक्षेत्री गेला होता म्हणून वाचला. त्याची पत्नी मात्र पुत्र अश्वसेनाला वाचविताना अर्जुनाच्या बाणाने मेली. राजाच्या बाजूने कथा दंशापासून सुरू होते, सर्पाच्या बाजूने वणव्यापासून. आरंभ कोठे धरला, यावर अपराधी कोण हे ठरते.

हे आपल्या आज्यांना ठाऊक नव्हते असे नाही. नागपंचमीची कहाणी आठवा. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मरतात, आणि मग ती सूडास निघते. कहाणी पिलांपासून सुरू होते, दंशापासून नव्हे! म्हणून त्या दिवशी नांगर धरू नये, चिरू-कापू नये.

अरुण कोलटकरांनी हीच दिशा धरली. 2004 साली निघालेल्या ‘सर्पसत्र’ या त्यांच्या इंग्रजी दीर्घकाव्यात नागकन्या जरत्कारू आपला पुत्र आस्तीक याच्याशी बोलते, आणि यज्ञाचा सोहळा आपल्याला तिच्या डोळ्यांनी पाहावा लागतो. परदेशातही असा प्रयत्न झाला आहे. अमेरिकन लेखक जॉन गार्डनर यांनी 1971 साली ‘ग्रेंडेल’ ही कादंबरी लिहिली. तीत जुन्या इंग्रजी वीरकाव्यातील राक्षस स्वतःच आपली हकीकत सांगतो.

मग तक्षक निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. फळातील अळीचे रूप घेऊन त्याने कपटानेच दंश केला. परंतु एकाच्या अपराधासाठी त्याचे सारे कूळ जाळावे काय, हा प्रश्न उरतोच. आणि लहानपणी तो आपल्या मनाला शिवलाही नव्हता.

आस्तीकाचा बाप ऋषी, आई नागकुळातली. तो यज्ञमंडपात येतो, राजाची स्तुती करतो आणि वर म्हणून एवढेच मागतो, की यज्ञ थांबवा. तक्षकाच्या बाजूने तो वाद घालीत नाही. दोन्ही कुळांचे रक्त अंगी असलेला हा मुलगा फक्त आग थांबवितो. गंमत अशी, की वैशंपायनांनी सारे महाभारत जनमेजयाला ऐकविले ते याच सत्राच्या वेळी. कुरुकुळाच्या संहाराची एवढी मोठी कथा राजा ऐकत होता, आणि शेजारीच कुंड पेटलेले होते.

आवडती कथा पुन्हा वाचून तिची गोडी कमी होत नाही. पूर्वी आपण ज्वाळा पाहत होतो. आता त्यांत कोण पडते आहे, हेही दिसू लागते.