इंटरनेटचा पिनकोड

दिल्लीहून गडहिंग्लजला निघालेल्या पत्रावर ४१६५०२ हा पिनकोड असतो. दिल्लीतल्या टपाल कर्मचाऱ्याला गडहिंग्लज नेमके कुठे आहे, हे ठाऊक नसले तरी चालते. सुरुवातीचे आकडे पाहून तो पत्र योग्य दिशेला धाडतो. उरलेले आकडे पुढची मंडळी पाहतात. अशाच युक्तीने १९९३मध्ये इंटरनेटला मोठ्या दुखण्यातून सावरले.

इंटरनेटवरील यंत्रालाही आकडी पत्ता लागतो. अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी नवी पद्धत स्वीकारली. तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य होते. कॅलिफोर्नियातील संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल त्यांच्या वाटपाच्या नोंदी सांभाळत. पत्ते तीनच मापांच्या गठ्ठ्यांत मिळत. मोठ्यात सुमारे १ कोटी ६८ लाख, मधल्यात ६५,५३६ आणि लहानात अवघे २५६. एखाद्या विद्यापीठाला दोन हजार पत्ते हवे असले, तर लहान गठ्ठा पुरत नसे. मधला घेतला, की ६३ हजारांहून अधिक पत्ते पडून राहत. हवी गोळ्यांची एक पट्टी आणि घ्यावा लागे अख्खा खोका!

मधले गठ्ठे झपाट्याने संपू लागले. त्याऐवजी एकेकाला अनेक लहान गठ्ठे द्यावेत, तर दुसरेच दुखणे उद्भवे. माहितीला वाट दाखवणाऱ्या राउटरला प्रत्येक गठ्ठ्याची वेगळी नोंद ठेवावी लागे. याद्या फुगत चालल्या आणि राउटरची स्मृती अपुरी पडण्याची वेळ आली. एका आजाराचे औषध दुसरा आजार वाढवत होते.

१९९३च्या ‘सायडर’ पद्धतीने दोन्हींवर एकच उपाय केला. तीन ठरावीक मापे रद्द झाली. दोन हजार हवेत, तर २,०४८चा गठ्ठा मिळू लागला. शिवाय एका सेवा कंपनीच्या ग्राहकांना सलग पत्ते दिले जाऊ लागले. त्यामुळे दूरच्या राउटरला त्या साऱ्यांसाठी सुरुवातीच्या आकड्यांची एकच नोंद पुरते.

उपायाने उसंत मिळाली, पत्ते मात्र वाढले नाहीत. जागतिक साठ्यातील शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आता कितीतरी लांब असलेले नवे पत्ते हळूहळू रुजत आहेत. सुरुवातीच्या सढळ वाटपामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. मोजक्या संस्थांचे हे जाळे घराघरांत पोहोचेल, एवढेच तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हते.