माळकरी होताना

अध्यात्माचा आरंभ ध्यानधारणेने अथवा ग्रंथाध्ययनाने व्हावा, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या वारकरी संप्रदायाने शेतकरी, कारागीर, स्त्रिया आणि पंडित यांना शतकानुशतके एकाच वाटेने पंढरीस नेले, त्याच्यात साधनेचा आरंभ गळ्यात तुळशीची माळ घालण्याने होतो, आणि मानवी मनाची खरी पारख मला या रीतीत दिसते.

विधी साधाच असतो. 108 मण्यांची माळ ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवतात. फडावरचे, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत समूहाचे, महाराज अथवा एखादे वृद्ध वारकरी ती उचलून नवागताच्या गळ्यात घालतात. तो त्यांच्या पाया पडतो आणि तेही, वयाचा वा विद्वत्तेचा मुलाहिजा न ठेवता, वाकून त्याच्या पाया पडतात. संप्रदायाचा ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र येथे कोणापासून लपवून ठेवावयाचा नसतो; तो चारचौघांत मोठ्याने म्हणावयाचा असतो.

या क्षणी जो करार होतो, त्याची कलमे थोडी आहेत: मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, नित्य हरिपाठ आणि वर्षातून निदान एकदा पंढरीची वारी. मन शांत झाले पाहिजे, अशी अट त्यांत कोठेच नाही. मनावर कोणाचा अंमल चालत नाही, पण पाय आणि जीभ यांच्यावर चालतो, हे ओळखून पूर्वसूरींनी जे आपल्या हाती आहे तेवढेच मागितले. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे 27 अभंग म्हणताना पहिले कित्येक महिने जीभ देवळात आणि चित्त बाजारात, अशीच अवस्था असते. तथापि नेम न मोडणाऱ्यास पुढे केव्हातरी, शेतात औत हाकताना किंवा कचेरीत कागद चाळताना, एखादे चरण न बोलावता ओठांवर आलेले आढळते, आणि रागाचा शब्द त्यामागे अडून राहतो. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविणारे, तत्त्वज्ञानाचे व्यासंगी सोनोपंत दांडेकर यांनाही हीच वारी आणि हाच नेम आयुष्यभर पुरला.

माळ घालण्याइतका निश्चय झाला नसेल, तर घाई करू नये. गावच्या देवळात सायंकाळी हरिपाठास उभे राहावे. पाठ नसेल तर पुढच्याचे ऐकून मागाहून म्हणावे. लहान मुले तो तसाच शिकतात.