नेपाळ? व्हिसा नको, पण डोकं हवं!

मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४५ला टेकला, की ऑफिसातल्या एसीखाली एकच विषय निघतो. कुठे जायचं? सिमला झालं, मनाली झाली, गोवा तर दरवर्षीचंच. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘नेपाळ करू या ना! फॉरेन ट्रिपची फॉरेन ट्रिप आणि खर्च आपल्या आवाक्यातला.’ झालं! व्हॉट्सअॅप ग्रुप तयार, नाव ‘मिशन काठमांडू’, डीपीला पशुपतिनाथ. दुसऱ्याच दिवशी आई-बाबा, काका-काकू, शेजारचे निवृत्त गुरुजी असे सगळेच ‘आम्हीपण येतो’ म्हणतात.

जा ना, बिनधास्त जा. देश सुंदर, माणसं लाघवी, भाषेची अडचण नाही. फक्त एक घोळ आहे. नेपाळ आपल्याला इतका घरचा वाटतो, की तयारीही आपण रामटेकच्या सहलीएवढीच करतो. आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. म्हणून बॅग भरण्याआधी हे पाच मिनिटांत वाचून घ्या.

आधार नव्हे, मतदार!

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५०चा मैत्री करार आहे. त्यामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही सक्तीचा नाही. पण ओळखपत्र लागतंच, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. विमानाने जायचं तर दोनच गोष्टी चालतात : पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. एरवी सगळीकडे चालणारं आधार कार्ड इथे चालत नाही. सवलत आहे ती १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. वय आणि ओळख पटवणारं फोटोचं कार्ड, म्हणजे आधार, पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, त्यांना पुरतं.

आता गंमत बघा. घरात आजोबा ७०चे, तुम्ही २७चे. आजोबा आधारवर आरामात विमानात बसतील आणि तुम्ही मात्र काउंटरवर अडकाल! ज्यांनी अजून मतदार यादीत नावच घातलेलं नाही (हात वर करा बघू!), त्यांनी तिकिटाआधी नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट घ्यावी. कार्ड ओरिजिनलच सोबत ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

जायचं कसं?

भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. तिथून दोन पर्याय. खिसा गरम असेल तर नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-काठमांडू विमान. दिल्लीहून काठमांडू जेमतेम दोन तासांवर आहे. बजेट ट्रिप असेल तर नागपूरहून गोरखपूरला जाणारी राप्तीसागर एक्स्प्रेससारखी गाडी, मग गोरखपूरहून बस-जीपने सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौलीची सीमा. कमान ओलांडली की नेपाळ.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी एक शब्द पाठ करून ठेवा : ‘भन्सार’. म्हणजे कस्टम्स. सीमेवर गाडीची नोंद करून, दिवसाप्रमाणे शुल्क भरून ही पावती घ्यावी लागते. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची घ्या, वर एक दिवस जास्तीचा. आरसी बुक आणि लायसन्स ओरिजिनल हवंच.

सीमा ओलांडल्यावर घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. हो, अर्धा तास नाही, पंधराच मिनिटं! वरवर मजेशीर वाटतं, पण परतीच्या विमानाची वेळ नेपाळी घड्याळाने छापलेली असते. आणि तिथला हक्काचा सुट्टीचा वार शनिवार. त्या दिवशी बँक किंवा सरकारी ऑफिसचं काम ठेवू नका.

खिशात काय?

१९९३पासून हिशेब ठरलेला आहे : १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. म्हणून हॉटेलवाल्याने भाव सांगितला की पहिला प्रश्न, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे. हा प्रश्न न विचारता हो म्हणालात, तर बिल एका फटक्यात दीडपटीच्या पुढे गेलंच समजा.

मोठ्या नोटांचा इतिहास मात्र कडवट आहे. २०१६च्या नोटाबंदीत आपल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा नेपाळमध्ये अडकून पडल्या. डिसेंबर २०१८मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. पुढे २०२५च्या अखेरीस आपल्या रिझर्व्ह बँकेने २०० आणि ५०० रुपयांच्या नोटा २५ हजारांपर्यंत नेण्याचा मार्ग मोकळा केला. तरी निघताना ताजा नियम बघाच, आणि शंभराच्या नोटांचं एक बंडल जवळ ठेवाच. ती नोट तिथे कुणी नाकारत नाही.

यूपीआयवाल्यांसाठी खूषखबर! मार्च २०२४पासून नेपाळी दुकानांतल्या ‘फोनपे’ क्यूआर कोडवर यूपीआयने पैसे देता येतात. आपल्याकडच्या फोनपेशी नाव जुळतं, पण हे नेटवर्क तिथलं आहे, वेगळं. मात्र त्यासाठी नेट हवं. रोमिंग पॅक घ्या किंवा ओळखपत्र आणि फोटो देऊन एनटीसी नाहीतर एनसेलचं सिम घ्या. डोंगरातल्या गावांत रोख पैशाला पर्याय नाही.

लुंबिनी चुकवू नका

सोनौलीहून लुंबिनी तीसेक किलोमीटरच्या आत. ‘फन’वाल्या ग्रुपला वाटेल, तिथे काय बघायचं? भंडाऱ्याच्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. आपल्याच पवनीत उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडलेत, जवळच्या रुयाडला आजचा महास्तूप उभा आहे. १९५४ साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९५६मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. दीक्षा सोहळ्यानंतर जेमतेम महिनाभरात. लुंबिनीत सम्राट अशोकाचा स्तंभ अजून उभा आहे. १९९७पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. अर्धा दिवस काढाच.

आई-बाबा आणि मुक्तिनाथ

आता सीरियस मुद्दा. ग्रुपमधल्या ज्येष्ठांची फर्माईश ठरलेली असते : मुक्तिनाथ. १०८ धारांखालून जायचंय. टूरवाला म्हणतो, ‘पोखराहून सकाळी जीप, संध्याकाळी दर्शन, नो टेन्शन.’ टेन्शन आहे, आणि ते आकड्यांत आहे. भंडारा समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर. पोखरा आठशेच्या थोडं वर. मुक्तिनाथ ३,७००च्याही वर. म्हणजे एका दिवसात जवळपास तीन किलोमीटर उंच! तिथल्या प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत एक तृतीयांशाहून जास्त प्राणवायू कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला वेळ हवा, आणि तो ‘पॅकेज’मध्ये नसतो.

अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली, तर ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून बाम चोळत बसू नका. त्रास तिथेच थांबला तर ठीक. पण बसल्या जागी धाप लागणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं ही धोक्याची घंटा आहे. अशा वेळी उपाय एकच : ताबडतोब खाली उतरायचं, रात्र असली तरी. देव पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

सोपा तोडगा असा. पहिली रात्र २,७०० मीटरच्या आसपास जोमसोमला किंवा मार्फा गावात काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जा, दर्शन घ्या, मुक्काम पुन्हा खालीच. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा डॉक्टरांचा नियम. बीपी, दमा, हृदयविकार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. उंचीसाठीचं ‘डायमॉक्स’ही त्यांना विचारूनच. आणि कुंडाच्या बर्फगार पाण्यात साठीच्या बाबांनी डुबकी मारलीच पाहिजे असं नाही. तीर्थ डोक्याला लावलं तरी पुण्य तेच.

घाटात घाई नको

२३ ऑगस्ट २०२४. पोखराहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जण गेले. बहुतेक सगळे आपल्या जळगाव जिल्ह्यातले, भुसावळ-वरणगाव भागातले. त्याच्या महिनाभर आधी, १२ जुलैला, दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. या दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत, हे लक्षात घ्या.

म्हणून नियम पक्के करा. जून ते सप्टेंबर नेपाळ नको. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट. धानकापणी असेल घरी, तर उन्हाळाच धरा. डोंगरात रात्रीचा प्रवास नाही, मग हॉटेलचं एक भाडं वाचत असलं तरी नाही. सोनौली ते काठमांडू नकाशावर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास दिसतं, पण दिवस अख्खा जातो. टूरवाल्याला दोन प्रश्न विचारायला लाजू नका : ड्रायव्हर डोंगरातला आहे का? आणि काल रात्री तो झोपला होता का?

जोमसोमची छोटी विमानं सकाळीच उडतात, कारण नंतर दरीत वारा सुटतो. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर भांडू नका, आभार माना. २९ मे २०२२ला याच मार्गावर २२ जणांचं विमान कोसळलं. त्यात ठाण्याच्या एकाच कुटुंबातले चौघे होते.

बॉसला आधीच सांगा

रविवारी रात्री परत, सोमवारी सकाळी पंच, असला हिरोपंती प्लॅन नको. ९ सप्टेंबर २०२५ला आंदोलन पेटलं आणि काठमांडूचं विमानतळच बंद झालं. दुसऱ्या दिवशी सुरू झालं, पण तोवर असंख्य पर्यटक अडकले. दरड, धुकं, संप, काहीही होऊ शकतं. दोन दिवसांची रजा जास्तीची टाका. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना ‘जास्त उंचीवरची सुटका’ त्यात आहे ना, ते वाचा. हेलिकॉप्टरचं बिल डॉलरमध्ये येतं, तेही हजारांत.

जाता जाता

* मोमो मागवताना विचारा. ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस. शाकाहारींनी ‘भेज’ म्हणावं.
* दालभात मागवा. भात पुन्हापुन्हा वाढतात. धानपट्ट्यातल्या माणसाला आणखी काय हवं?
* पशुपतिनाथाच्या मंदिरात चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही.
* ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.
* पोलीस १००, अॅम्ब्युलन्स १०२, टुरिस्ट पोलीस ११४४. नंबर आत्ताच सेव्ह करा, आईच्या मोबाइलमध्येसुद्धा.
* भूतानचाही विचार चालू असेल, तर तिथे भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये शुल्क आहे. हॉटेलचा खर्च वेगळा.

मग काय, करा ग्रुप अॅक्टिव्ह! पण पहिला मेसेज ‘कोण कोण येतंय?’ नको. ‘कुणाकुणाकडे मतदार कार्ड आहे?’ हा टाका. दुसरा आई-बाबांच्या बीपीचा. तिकिटांचं त्यानंतर बघू.